भात सोडून पोट उतरत नाही

पर्वती चढताना सकाळी हमखास कानावर येतं, "भात बंद केलाय, पोट सुटतं त्यानं." माझ्या आईनं याच समजुतीपायी वरणभात सोडला आणि पोळ्या वाढवल्या. फरक शून्य.

हिशेब साधा आहे. वाटीभर, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. तेल लावलेल्या एका मध्यम पोळीतही जवळपास तेवढ्याच. खर्चापेक्षा जास्त खाल्लं की चरबी साठते, मग ते भाताचं असो वा पोळीचं. चारच्या चहासोबतची बाकरवडी, गोड चहाचे चार कप, रात्रीची दारू मात्र आपण धरतच नाही.

चरबी पोटावरच का साठते, हा खरा प्रश्न. त्यात आनुवंशिकता आहे, वय आहे, बायकांत रजोनिवृत्ती आहे, अपुरी झोप आणि दिवसभर बसून राहणं आहे. शिवाय आपली भारतीय शरीरठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! ही तुलना २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

म्हणून वजनकाट्यासोबत कंबरही मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपासून पुढे धोका धरतात. आईला मी आता पुन्हा वरणभात वाढते, वाटी मोजून.