टपाल तिकिटांचा विनिमय

संग्रहातील जादा, म्हणजे ‘डबल’ तिकिटे दुसऱ्या संग्राहकाला देऊन आपल्याकडे नसलेली मिळविण्याची पद्धती. पत्रव्यवहार, फिरती पुडकी, मंडळांच्या बैठका व प्रदर्शने ही तिची मुख्य साधने होत.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. पेनी ब्लॅक हे पहिले चिकटवायचे तिकीट ब्रिटनमध्ये १ मे १८४० रोजी विक्रीस आले. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याच सुमारास काही तिकिटे विकत घेऊन जपली, असे त्यांनीच पुढे सांगितले. पण एकट्याने जपण्यात विनिमय येत नाही. १८४१ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये एका तरुणीची जाहिरात आली. तिला आपल्या वेशभूषेच्या खोलीच्या भिंती वापरलेल्या तिकिटांनी मढवायच्या होत्या, स्नेह्यांच्या मदतीने १६,००० तिकिटे जमली होती आणि पुढच्यांसाठी तिने अनोळखी वाचकांना साद घातली होती. काही अभ्यासक ही संग्राहकांमधील संपर्काची पहिली नोंद समजतात. तथापि त्या वेळी ब्रिटनमध्ये तिकिटांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यामुळे तिच्या ढिगात निवडीला वाव नव्हता आणि देणाऱ्याला परत काही मिळतही नव्हते. म्हणून विनिमयाचा आरंभ १८६० च्या आसपासचा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पॅरिसच्या तुइलरी बागेत उघड्यावर अदलाबदल सुरू झाली ती याच सुमारास. लंडनच्या बर्चिन लेनमध्येही मुले व तरुण अल्बम घेऊन जमत. गर्दी हटवायला पोलिसांना यावे लागे. लंडनमधील संग्राहक पाद्री स्टेनफोर्थ यांच्या घरच्या बैठकांनी या व्यवहाराला छप्पर दिले. लंडनची फिलाटेलिक सोसायटी, म्हणजे तिकीट-संग्राहकांची संस्था, मात्र १८६९ मध्ये स्थापन झाली.

नियतकालिकांबाबतही असाच वाद आहे. बर्मिंगहॅमच्या एका मासिकात सप्टेंबर १८६२ पासून तिकिटांविषयी मजकूर येई; पण सर्वस्वी तिकिटांना वाहिलेले पहिले नियतकालिक म्हणून लिव्हरपूलच्या डिसेंबर १८६२ मधील अंकाकडेच बोट दाखविणे उचित. फेब्रुवारी १८६३ मध्ये बाथ व ब्रसेल्स येथूनही मासिके निघाली. परगावच्या संग्राहकाचा पत्ता हाती पडण्याचे साधन म्हणून त्यांतील छोट्या जाहिरातींचे मोल लेखांइतकेच होते.

फिरते पुडके : संग्राहक मंडळाचा सभासद आपली डबल तिकिटे हिंजने (डिंक लावलेल्या छोट्या कागदी पट्टीने) छोट्या वह्यांत लावून प्रत्येकाखाली कॅटलॉगमधील, म्हणजे तिकिटांच्या छापील किंमतसूचीतील, क्रमांक व किंमत लिहितो. चिटणीस अशा वह्यांचे पुडके बांधून सोबत सभासदांची यादी जोडतो. ज्याच्याकडे पुडके येते त्याने ठरलेल्या दिवसांत हवी ती तिकिटे काढून घ्यायची, रिकाम्या चौकोनात आपली सही किंवा रबरी शिक्का उमटवायचा, हिशेबाचा कागद व रक्कम चिटणिसाकडे पाठवायची आणि पुडके पुढच्याकडे रवाना करून पोस्टाची पावती जपायची. रिकाम्या चौकोनावरील सही ही या व्यवस्थेची खरी किल्ली आहे. चांगले तिकीट काढून त्या जागी फाटके किंवा कडेचे दात तुटलेले लावण्याचा प्रकार तिच्यामुळेच उघडकीस येतो. यादीतील क्रम दर खेपेस बदलतात. तसे न केल्यास शेवटच्या सभासदाच्या वाट्याला उरलासुरला मालच येतो. विक्रीवर मंडळ थोडे कमिशन घेते.

परदेशी पत्रमित्रांशी व्यवहार बहुधा किमतीस किंमत असा होतो. त्यासाठी स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट, इव्हेर किंवा मिशेल यांपैकी एकच कॅटलॉग आधी ठरवून घ्यावा लागतो, कारण एकाच तिकिटाची किंमत प्रत्येकात वेगळी असते. परकीय चलनावर कडक निर्बंध होते त्या काळात भारतीय संग्राहकांना ही अदलाबदल विशेष सोयीची पडली; तिला चलन लागत नाही.

भारत : फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली व तिचे नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. मुंबईत जाल कूपर यांनी इंडियाज स्टॅम्प जर्नल चालविले. महाराष्ट्रात महापेक्स या राज्यस्तरीय प्रदर्शनाच्या निमित्ताने संग्राहक एकत्र येतात. डाक विभागात फिलाटेलिक ठेव खाते उघडणाऱ्यास नवी तिकिटे घरपोच मिळतात. जुन्या मालिकांतील उणी तिकिटे त्यात येत नसल्याने ती अजूनही विनिमयानेच किंवा व्यापाऱ्याकडून मिळवावी लागतात.