'दहा टक्के वेगवान' हे ठरवायचं कसं?

संगणकशास्त्राच्या विभागात संशोधनाला लागलेला विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांतच एक प्रयोग करतो. जुनी पद्धत चालवली, 11 सेकंद लागले. स्वतःची नवी पद्धत चालवली, 10 सेकंद लागले. वहीत नोंद होते, 'दहा टक्के वेगवान'. मार्गदर्शकाचा पहिला प्रश्न इथेच येतो: दहा टक्के कशात? वेग 10 टक्क्यांनी वाढला, पण वेळ 9.1 टक्क्यांनीच कमी झाला. दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो. हा एक सेकंद नव्या पद्धतीने वाचवला, की आणखी कशाने?

कागदावरचं गणित त्या मानाने सरळ आहे. 10 लाख आकडे क्रमाने लावायचे असतील, तर प्रत्येक आकडा प्रत्येकाशी ताडून पाहणाऱ्या पद्धतीला साधारण एक लाख कोटी तुलना लागतात, चांगल्या पद्धतीला सुमारे दोन कोटी. सेकंदाला शंभर कोटी तुलना होतात असं धरलं, तर एकीला 17 मिनिटं आणि दुसरीला सेकंदाचा पन्नासावा भाग. एवढी तफावत असेल तर मोजमापात थोडी ढिलाई झाली तरी निष्कर्ष बदलत नाही. पण आजचं बरंचसं संशोधन पाच-दहा टक्क्यांच्या फरकावर उभं असतं, आणि तेवढा फरक यंत्र स्वतःहूनही दाखवू शकतं.

त्याचं एक मोठं कारण म्हणजे मेमरी. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशेतून, म्हणजे छोट्या पण वेगवान मेमरीतून, आकडा यायला एक-दोन नॅनोसेकंद लागतात, मुख्य मेमरीतून यायला शंभराच्या आसपास. शिवाय आकडे सुटे येत नाहीत. बहुतेक प्रोसेसरांत एका वेळी 64 बाइटांचा पट्टा उचलला जातो, म्हणजे 8 बाइटांचे आठ आकडे. 4000 ओळी आणि 4000 स्तंभांचा तक्ता 128 एमबीचा होतो. सी भाषेत तो ओळीओळीने साठवलेला असतो. ओळीने वाचला, तर आणलेल्या पट्ट्यातले आठही आकडे कामी येतात. स्तंभाने वाचला, तर एकच वापरला जातो, आणि बाकीच्या सातांची पाळी येईपर्यंत तो पट्टा बहुधा कॅशेतून हाकलला गेलेला असतो. बेरजा तेवढ्याच, तरी वेळ कित्येक पट. नव्या पद्धतीच्या कोडमध्ये दोन लूपांचा (ओळींवर आणि स्तंभांवर फिरणाऱ्या आवर्तनांचा) क्रम नकळत बदलला असेल, तर श्रेय भलत्याच गोष्टीला जातं.

याहून चकवणारी गोष्ट टॉड मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवली. युनिक्स या कार्यप्रणालीत प्रोग्रॅम सुरू होताना वापरकर्त्याचं नाव, फोल्डरचा पत्ता असे तपशील त्याच्या मेमरीत ठेवले जातात. त्यांची लांबी बदलली की स्टॅकची, म्हणजे प्रोग्रॅम आपली तात्पुरती माहिती ठेवतो त्या मेमरीची, जागा सरकते, आणि तेवढ्याने वेग बदलतो. कंपाइलरने, म्हणजे कोड यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, केलेली तीच सुधारणा एका मांडणीत फायद्याची दिसली आणि दुसरीत तोट्याची. कोडचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडले, यानेही तसाच फरक पडला. म्हणून प्रयोग एकाच मांडणीत हजार वेळा करून भागत नाही, मांडणीही बदलत राहावी लागते.

बाकीचे सापळे नेहमीचे आहेत, तरी दरवर्षी कुणी ना कुणी त्यांत सापडतं. उत्तर कुठे छापलं किंवा वापरलंच नाही, तर कंपाइलर ती आकडेमोड निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि प्रोग्रॅम शून्य वेळात संपल्यासारखा दिसतो. पहिल्या खेपेत फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या खेपेत मेमरीतून. जावासारख्या भाषेत सुरुवातीच्या फेऱ्या हळू जातात, कारण कोड चालता चालता यंत्रभाषेत उतरत असतो. प्रोसेसर थंड असताना आपला वेग वाढवतो आणि तापला की कमी करतो. त्यामुळे आधी जुन्या पद्धतीच्या तीस खेपा आणि मग नव्या पद्धतीच्या तीस, असं केलं की तापल्याचा दोष नव्या पद्धतीच्या माथी बसतो.

त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा. प्रोसेसरचा वेग एका पातळीवर बांधून ठेवायचा. सर्व्हरवर त्या वेळी दुसऱ्या कुणाचं काम चालू नसावं. सुरुवातीच्या काही फेऱ्या मोजायच्या नाहीत. मग दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या आलटून पालटून चालवायच्या, प्रत्येकी किमान तीस वेळा, आणि प्रत्येक खेपेची वेळ फाइलीत जपून ठेवायची. नुसती सरासरी देऊ नये. एखादी खेप मधेच अडली तर सरासरी वर ओढली जाते. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या वेळांतली मधली वेळ, द्यावा आणि वेळा किती विखुरल्या आहेत तेही दाखवावं. दोन पद्धतींच्या वेळा एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर फरक आहे असं म्हणण्याची घाई करू नये.

एवढं करूनही तुलना अन्यायाची असू शकते. स्वतःच्या कोडवर सहा महिने खपायचं आणि प्रतिस्पर्धी पद्धत कंपाइलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणाऱ्या सुधारणा) बंद ठेवून चालवायची, हे मुद्दाम कुणी करत नाही, आपोआप होतं. दोन्ही कोड त्याच कंपाइलरने, त्याच पर्यायांनी बांधावेत, आणि जुन्या पद्धतीतली बदलता येणारी मापं (पॅरामीटर) तिच्या कर्त्यांनी सुचवल्याप्रमाणे जुळवून घ्यावीत. मशिन लर्निंगमध्ये याच्या जोडीला आणखी एक चूक होते. डेटाची सरासरी वापरून आकडे आधीच समपातळीवर आणले जातात आणि शिकवणीचा व परीक्षेचा भाग नंतर वेगळा काढला जातो. त्यामुळे परीक्षेच्या भागाची माहिती शिकवणीत झिरपते. विभागणी आधी करावी, सरासरी फक्त शिकवणीच्या भागावरून काढावी.

कामाचं शेवटचं गाठोडं बांधताना कोड, डेटा, कंपाइलरची आवृत्ती, प्रोसेसरचं नाव, यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्यावरून तेच आकडे पुन्हा काढता येतात) आणि आलेख काढणारी स्क्रिप्ट हे सगळं एकत्र ठेवावं. मग ते विभागातल्या अशा विद्यार्थ्याच्या हाती द्यावं, ज्याचा या कामाशी संबंध नाही, आणि त्याच्या यंत्रावर चालवायला सांगावं. आपण शेजारी बसू नये. तो जिथे अडेल, तिथे सूचनांच्या फाइलीत एक ओळ वाढवायची.