गळा फुकट, वाद्य महाग: शाळेतल्या वृंदसंगीताची पार्श्वभूमी

शाळेच्या माहितीपत्रकात कॉयर, ऑर्केस्ट्रा आणि बँड ही तीन नावं एका ओळीत छापलेली असतात, जणू तिन्ही एकाच दिवशी शाळेत दाखल झाली. प्रत्यक्षात त्यांच्या वयात मोठं अंतर आहे. मुलांना एकत्र बसवून गायला शिकवण्याची पद्धत हजार वर्षांहून जुनी आहे. व्हायोलिनचा सामुदायिक वर्ग जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे, आणि शाळेचा बँड आज दिसतो तसा पहिल्या महायुद्धानंतर फोफावला. आणखी एक गंमत म्हणजे, या तिघांना शाळेत आणणाऱ्यांच्या मनात संगीत हे पहिलं कारण फार क्वचित होतं. कुणाला प्रार्थनेसाठी आवाज हवे होते, कुणाला अनाथ मुलांच्या पोटापाण्याची सोय करायची होती, कुणाला वाद्यं खपवायची होती. मुलांना काय शिकायला मिळालं, हे त्या त्या गरजेवरून ठरत गेलं.

सुरुवात गळ्यापासून झाली, कारण गळा विकत आणावा लागत नाही. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झोच्या कॅथेड्रलमध्ये गिदो नावाचा एक भिक्षू गायकांना तयार करत होता. उपासनेतली शेकडो पदं मुलं ऐकून ऐकून पाठ करायची, पण दहा वर्षं घासूनही न ऐकलेलं पद समोर आलं की सगळ्यांची तोंडं बंद. गिदोनं एक युक्ती केली. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्रात पहिले सहा तुकडे एकेका चढत्या स्वरावर सुरू होतात. त्या तुकड्यांची पहिली अक्षरं त्यानं स्वरांची नावं म्हणून वापरली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. ‘उत्’चा पुढे ‘दो’ झाला. आपली सा, रे, ग, म ही अक्षरं षड्ज, ऋषभ अशा स्वरनामांवरून आली, तिकडची एका स्तोत्राच्या पोटातून निघाली. जोडीला रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत आली, आणि दहा वर्षांचं काम एका वर्षात, फार तर दोन वर्षांत होतं असा दावा गिदोनं केला. पोप एकोणिसाव्या जॉननं त्याला रोमला बोलावून घेतलं आणि स्वतः एक ओळ वाचून गाऊन पाहिली. शाळेत संगीत शिकवता येतं याचा हा पहिला पुरावा म्हणायला हरकत नाही. गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाता येत नाही, ही अट इथे गळून पडली.

पुढची काही शतकं युरोपात चर्च आणि शाळा यांच्यात फारसं अंतर नव्हतं. शाळामास्तरला गाता आलंच पाहिजे, असा मार्टिन ल्यूथरचा आग्रह होता. लाइपझिगची थॉमस शाळा 1212 साली सुरू झाली. तिथल्या मुलांना राहायला-जेवायला मिळे आणि त्याबदल्यात शहरातल्या चर्चमध्ये गावं लागे. 1723 मध्ये योहान सेबास्तियन बाख तिथे संगीतशिक्षक म्हणून रुजू झाला. सात वर्षांनी त्यानं नगरपरिषदेला एक निवेदन दिलं. आजच्या कुठल्याही संगीतशिक्षकाला ते वाचून आपलाच अर्ज आठवेल. बाखनं 54 विद्यार्थ्यांची नावानिशी यादी केली होती आणि तिचे सरळ तीन भाग पाडले होते: कामाचे 17, अजून तयार न झालेले 20 आणि कधीच तयार होणार नाहीत असे 17. एवढ्या मुलांतून चार चर्चना गायक पुरवायचे होते, शिवाय वाजवणाऱ्यांची वानवा होतीच. जगातला सर्वांत थोर संगीतकार म्हणून ज्याचं नाव घेतात, त्यालाही शाळेचा कॉयर उभा करताना माणसं मोजत बसावं लागलं.

मुलांच्या हाती वाद्यं आली ती अनाथालयांत. नेपल्समध्ये सोळाव्या शतकात निराधार मुलांसाठी आश्रम निघाले. सांभाळ करण्याची जागा म्हणून त्यांना ‘कन्झर्वातोरिओ’ म्हणत. मुलांना गाणं-वाजवणं शिकवून मिरवणुकांना आणि अंत्यविधींना पाठवलं की आश्रमाचा खर्च निघे. आज संगीताच्या उच्च शिक्षणसंस्थेला जगभर ‘कन्झर्व्हेटरी’ म्हणतात, तो शब्द इथला. व्हेनिसमध्ये मुलींसाठी अशाच संस्था होत्या. त्यांतल्या पिएतामध्ये 1703 मध्ये आंतोनिओ विवाल्दीची व्हायोलिनशिक्षक म्हणून नेमणूक झाली. मुली उंच सज्जात जाळीच्या आड बसून वाजवत. खाली दूरदूरच्या देशांतून आलेले श्रोते दाटीवाटीनं बसत, पण कुणालाही चेहरा दिसत नसे. त्या काळात बाईच्या हाती शोभत नाहीत असं मानली जाणारी वाद्यंसुद्धा या मुली वाजवत. बाहेरच्या जगात हे त्यांना जमलं नसतं, त्यांना संधी मिळाली ती भिंतीच्या आतच.

सगळ्या मुलांना गाणं, ही कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकाची. कारखाने वाढले, गोरगरिबांसाठी शाळा निघाल्या आणि एका मास्तरापुढे दोन-दोनशे पोरं बसू लागली. पॅरिसमध्ये गियोम विल्हेमनं अशा शाळांत गाणं शिकवण्याची पद्धत बसवली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं आणि मास्तरनं देखरेख ठेवायची. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनं स्वरलिपीऐवजी अक्षरांवरून गायची रीत शोधली. रविवारच्या शाळेत मुलांना सहज गाता येईल अशी पद्धत जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाला हवी होती. त्यानं तीच उचलली, वाढवली आणि हाताच्या खुणांची जोड दिली. दो म्हणजे मूठ, सोल म्हणजे आडवा पंजा. कागद नाही, फळा नाही, नुसत्या हाताच्या हालचालीवर साठ मुलं स्वर बदलतात.

पैशानं इथेही आपलं काम केलं. 1882 च्या नियमांनुसार इंग्लंडमधल्या शाळांना गाण्यासाठी दरडोई अनुदान मिळे: ऐकून गात असतील तर सहा पेन्स आणि स्वर वाचून गात असतील तर एक शिलिंग, म्हणजे दुप्पट. स्वरवाचन भराभर पसरलं यात नवल नाही.

कर्वेनची पद्धत मिशनऱ्यांच्या गाठोड्यातून आफ्रिकेपर्यंत पोचली. जोहान्सबर्गजवळच्या एका मिशन शाळेत एनोक सोंतोंगा हा शिक्षक होता. आपल्या मुलांच्या गानवृंदासाठी तो गाणी रचायचा आणि याच अक्षरलिपीत वहीत उतरवायचा. 1897 मध्ये त्यानं लिहिलेलं एक प्रार्थनागीत शाळेबाहेर पडलं, स्वातंत्र्यलढ्याचं गीत झालं आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग झालं. ते पाहायला सोंतोंगा नव्हता. तो 1905 मध्येच गेला.

अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी शाळांनी 1838 मध्ये संगीताला विषय म्हणून मान्यता दिली. त्याआधी लोवेल मेसननं एका शाळेत पगार न घेता वर्षभर शिकवून दाखवलं होतं. समितीपुढे युक्तिवाद असा झाला की, गाण्यानं बुद्धी, नीती आणि प्रकृती तिन्ही सुधारतात. गाणं म्हणजे गाणं आहे म्हणून शिकवा, असं म्हणायची हिंमत तेव्हाही झाली नाही. आजही होत नाही. गणिताचे गुण वाढतात, एकाग्रता येते, असंच सांगावं लागतं.

जपानची नोंद याहून प्रामाणिक आहे. 1872 च्या शिक्षणसंहितेत गायन हा विषय घातला होता आणि त्यापुढे शेरा होता: ‘तूर्त वगळावा’. शिकवणारं कुणी नव्हतं, तर करणार काय? मग इसावा शूजी या शिक्षणाधिकाऱ्यानं बॉस्टनहून ल्यूथर व्हाइटिंग मेसनला 1880 मध्ये बोलावलं. दोघांनी मिळून पाठ्यपुस्तक केलं. त्यात एका स्कॉटिश निरोपगीताची चाल जपानी शब्दांना लावली होती, आणि ते गाणं आजही तिथल्या शाळांच्या निरोप समारंभात म्हटलं जातं.

भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संगीत घराण्यात आणि गुरूच्या घरी शिकलं जाई. वर्ग, फळा, परीक्षा यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. मौलाबक्षांनी बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं 1886 मध्ये गायनशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि स्वरलिपी, क्रमिक पुस्तकं, वर्गवार अभ्यासक्रम असा संसार मांडला. गोव्यात मात्र गोष्ट कधीच वेगळ्या वाटेनं गेली होती. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलं स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकत. ते शिक्षण चर्चसाठी होतं, पण त्यातून तयार झालेल्या पिढ्यांनी लष्करी बँड आणि नंतर मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद भरून टाकले. कागदावरचं वाचून वाजवणारी माणसं स्टुडिओला तिथूनच मिळाली.

आणि मैहर. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर मध्य भारतातल्या या छोट्या संस्थानात पोरकी झालेली मुलं उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद बांधला. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो असं देशी-विदेशी एकत्र बसवलं. कमी होतं ते त्यांनी घडवलं. बंदुकीच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून ओळीनं मांडल्या आणि त्याचं ‘नलतरंग’ हे वाद्य केलं. नेपल्सच्या आश्रमाची गोष्ट मैहरमध्ये कुणी वाचली असण्याची शक्यता नाही, पण पोरकी मुलं आणि वाद्यवृंद ही जोडी इथेही जमली.

सर्वसाधारण शाळेत वाद्य यायला उशीर का झाला, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. साठ मुलांना साठ व्हायोलिनं लागतात, ती दुरुस्त करावी लागतात, आणि मूल वाढलं की मोठ्या मापाची घ्यावी लागतात. 1897 मध्ये इंग्लंडच्या मेडस्टोन गावातल्या एका शाळेत हे कोडं सुटलं. वाद्यं विकणाऱ्या एका कंपनीनं व्हायोलिन, गज आणि पेटी मुलांना आठवड्याच्या हप्त्यावर दिली. वर्ग सामुदायिक, त्यामुळे शिकवणीही परवडण्यासारखी. काही वर्षांत हजारो शाळांत हे लोण गेलं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुलं एकाच वेळी गज ओढू लागली. ऐकायला ते कसं वाटत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. बॉस्टनहून पाहायला आलेल्या अल्बर्ट मिचेलनं ही पद्धत अमेरिकेत नेली.

बँडची कथा तर उघडउघड व्यापाराची. पहिलं महायुद्ध संपलं, पलटणींतले वादक घरी परतले आणि कामाच्या शोधात शाळांत शिरले. लष्कराची मागणी आटल्यावर पितळी वाद्यांच्या कारखानदारांनाही नवं गिऱ्हाईक हवंच होतं. 1923 मध्ये शिकागोला शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती या कारखानदारांच्या पुढाकारानं. स्पर्धा आली की नियम येतात. बँडमध्ये कोणती वाद्यं किती असावीत याचे ठोकताळे ठरले. मग ज्या शाळेकडे ती नव्हती, तिला विकत घेणं भाग पडलं. चलाखी आहे, पण लाखो मुलांच्या हाती क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आलं ते याच चलाखीमुळे.

याउलट ज्यांना खरोखर मुलांची काळजी होती, त्यांनी वाद्य सोपं तरी केलं किंवा बाजूला तरी ठेवलं. जर्मनीत कार्ल ओर्फनं पट्ट्या काढता येतील अशी लाकडी वाद्यं वापरली. नको असलेल्या स्वरांच्या पट्ट्या काढून ठेवल्या की मुलाच्या हातून बेसूर वाजणंच अवघड. जपानमध्ये शिनिची सुझुकीनं, जो स्वतः व्हायोलिन कारखानदाराचा मुलगा, तीन-चार वर्षांच्या पोरांना इवलीशी व्हायोलिनं दिली आणि भाषा जशी ऐकून येते तसं संगीत ऐकून शिकवलं. म्हणजे गिदोच्या बरोबर उलटं. हंगेरीत झोल्तान कोडायनं ठामपणे गळाच निवडला. कर्वेनच्या हातखुणा घेतल्या, हंगेरीची लोकगीतं घेतली, आणि 1950 मध्ये केच्केमेतला रोज गाणं असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. बाखच्या यादीतल्या शेवटच्या 17 जणांसारखी मुलं या शाळेत निकालात काढली जात नव्हती, सगळी गात.

व्हेनेझुएलातला प्रयोग त्या मानानं अलीकडचा. 1975 मध्ये होसे अंतोनिओ अब्रेऊ या अर्थतज्ज्ञानं कराकासमधल्या एका वाहनतळात अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंदाची तालीम सुरू केली. पुढे सरकारी पैशावर देशभर केंद्रं निघाली. संगीताच्या शिक्षणासाठी त्यानं गरिबीनिर्मूलनाच्या खात्यांतून निधी मिळवला, यात त्याचं खरं डोकं दिसतं. शिस्त फार कडक, राजकारण्यांशी जवळीक फार, अशी टीकाही या प्रयोगावर झाली.

पैसा आला तसा जातोही. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात जनमतानं मालमत्ताकरावर मर्यादा घातली गेली, शाळांचं उत्पन्न घटलं आणि कात्री लागलेल्या विषयांत संगीत पुढे होतं. अशा वेळी सहसा आधी वाद्यांचे वर्ग बंद होतात, कारण दुरुस्तीचं बिल येतं. कॉयर टिकून राहतो. एक शिक्षक आणि एक पियानो एवढ्यावर भागतं, तोही नसला तरी भागतं.

हा क्रम फिरला तो 2020 मध्ये. मार्चमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गानवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण होते आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या 53 जणांना करोना झाल्याचं निष्पन्न झालं किंवा तशी दाट शक्यता धरली गेली. त्यानंतर ठिकठिकाणच्या शाळांत आधी गाणं बंद पडलं. व्हायोलिनवाले मुखपट्टी लावून वाजवत राहिले. ट्रम्पेटच्या तोंडाला कापडी टोप्या चढल्या, बासरी आणि क्लॅरिनेटवाल्यांसाठी फट असलेल्या मुखपट्ट्या शिवल्या गेल्या. फुकटचा गळा तेवढा घरी बसला. मग काही गानवृंदांनी आपापल्या मोटारी वाहनतळात ओळीनं उभ्या केल्या, काचा बंद केल्या, हातात माइक घेतला आणि मोटारीच्या रेडिओवर एकमेकांचा आवाज ऐकत गायला सुरुवात केली.