रानवाटेचा चढ कोणी ठरवला?

अमेरिकेत व्हीलचेअरला रानात न्यायची वाट सुरू झाली ती वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींच्या पायऱ्यांपाशी. ह्यू गॅलाघर हा सिनेटर बार्टलेट यांचा सहायक. ऐन तारुण्यात पोलिओ झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. सरकारी पैशातून बांधलेल्या इमारतीत आपल्याला उचलून न्यावं लागतं, ही गोष्ट त्याने तडीस लावली आणि १९६८मध्ये वास्तू-अडथळा कायदा झाला: सरकारी पैशातली इमारत अपंगांनाही वापरता आली पाहिजे. मोजमाप तयार होतंच. १९६१च्या मानकात रॅम्पचा चढ १:१२ ठरला होता, म्हणजे बारा फूट पुढे जाताना फार तर एक फूट वर. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही रॅम्पला हेच प्रमाण आहे. प्रत्यक्षात काय बांधलं जातं ते सोडा.

पण रॅम्प दाराशी येऊन संपतो, पायवाट टेकडीला वळसा घालून मैलभर जाते. तिला हे माप कसं लावायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग पार्किंगजवळ छोटासा डांबरी फेरा मारायचा आणि सोय झाली म्हणायचं, हा सोपा मार्ग उरला.

१९९०च्या अपंग हक्क कायद्यात एक कलम खास अस्पर्श वनक्षेत्रांबद्दल, म्हणजे कायद्याने जशीच्या तशी राखलेल्या रानांबद्दल आहे. या क्षेत्रांत १९६४पासून यांत्रिक वाहनांना बंदी. व्हीलचेअर त्यात मोडते का? नाही, असं कायद्याने स्पष्ट केलं; मात्र खुर्ची केवळ चालता न येणाऱ्यासाठी बनवलेली आणि घरातही वापरता येईल अशी हवी. त्याच कलमात हेही आहे की तिच्यासाठी तिथे काही बांधायला सरकार बांधील नाही. थोडक्यात, या, पण वाट तुमची तुम्ही बघा.

वाटेचं माप ठरायला आणखी बराच काळ गेला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अपंगांच्या संघटना, पायवाटा बांधणारे आणि जमिनी सांभाळणारी खाती एका समितीत बसली. वनसेवेने २००६मध्ये स्वतःपुरते नियम लागू केले. राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांसह सगळ्या संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनींसाठीचा नियम निघाला २०१३मध्ये. गॅलाघरच्या कायद्यानंतर ४५ वर्षांनी!

त्या नियमात मला आवडतो तो चढाचा हिशोब. १:२० चढ कितीही लांब चालेल. १:१२ असेल तर २०० फुटांनंतर दम खायला सपाट जागा हवी. १:१० असेल तर ३० फुटांनंतरच, आणि त्याहून खडा १:८च्या आसपासचा चढ जेमतेम १० फूट. रुंदी किमान ३६ इंच. डोंगर ऐकणारच नसेल किंवा दुर्मीळ जिवांना धक्का लागणार असेल, तर तेवढ्यापुरती सूट.

पृष्ठभाग डांबरीच हवा असं नाही, ‘घट्ट आणि स्थिर’ हवा. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण खुर्चीची पुढची लहान चाकं त्यांत रुततात. क्रशरची कोनेदार बारीक कच ओली करून, वर रोलर फिरवून किंवा धुमसाने चोपून बसवली की दाणे एकमेकांत अडकतात आणि चाक वरून जातं. दलदलीवर लाकडी पूल करताना फळ्या वाटेला आडव्या ठोकायच्या आणि मधली फट अर्ध्या इंचाहून मोठी ठेवायची नाही. उभ्या ठोकल्या तर पुढचं चाक फटीत गेलंच म्हणून समजा.

याच नियमाने वाटेच्या तोंडाशी फलकही आला. ‘अपंगांसाठी योग्य’ असा शेरा मारून नियमाचं भागत नाही. लांबी, पृष्ठभाग, नेहमीची आणि कमीत कमी रुंदी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त चढ, आडवा उतार (म्हणजे वाट एका बाजूला किती कलते) हे सगळं लिहावं लागतं. एकटी आलेली बाई तो वाचून पहिल्या वळणावरून परतेल. दोन तगडे भाचे बरोबर असतील, तर तळ्यापर्यंत जाऊन येईल.