विकिपीडिया लिहितं कोण, आणि लिहायचं सोडून कोण देतं

मराठी विकिपीडियाच्या मागच्या अंगणात कधी डोकावलाय का? लेख वाचायला सगळेच जातात, मी म्हणतोय जिथे लिहिणारी लोकं बसतात तिथे. काय एकेक शब्द आहेत! गप्पा-चर्चेच्या पानाला चावडी, हात साफ करायच्या पानाला धूळपाटी आणि आपोआप कामं करणाऱ्या बॉटला चक्क सांगकाम्या. हा शब्द ज्याला कोणाला सुचला त्याला दंडवत.

पण चावडी म्हटलं की तिथे बोलणारे चार आणि ऐकणारे चाळीस हे आलंच, आणि ऑनलाइन तर हे प्रमाण अजून विचित्र होतं. वेबसाइट कशा वापरल्या जातात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, की शंभरातले ९० नुसते बघतात, ९ अधूनमधून काहीतरी टाकतात आणि एकटाच माणूस रोज राबतो. हा काही न्यूटनचा नियम नाही, पण २००७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी इंग्रजी विकिपीडिया नीट मोजला. कोणी किती शब्द लिहिले एवढंच नाही तर ते शब्द पुढे किती वेळा वाचले गेले हेही धरलं (हे मला फार आवडलं, कारण कोपऱ्यातल्या लेखात पानंच्या पानं लिहिणं वेगळं आणि रोज हजारो लोकं वाचतात ती दोन वाक्यं लिहिणं वेगळं). तर निघालं काय, की वाचल्या जाणाऱ्या मजकुरातला जवळपास निम्मा भाग दर हजारातल्या एकाच संपादकाने (म्हणजे तिथे लिहिणाऱ्याने) लिहिलेला!

आता हे वाचून लगेच "बाकीचे आळशी" म्हणू नका, मीही त्यातलाच आहे, माझं एकूण योगदान म्हणजे दोन वेलांट्या आणि एक स्वल्पविराम. काहींना वेळ असतो, काहींना खाज असते, आणि कौतुकाचाही हात असतो. २०१२ च्या एका प्रयोगात सगळ्यात जास्त काम करणाऱ्या १ टक्क्यातल्या काही संपादकांना चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडून बार्नस्टार नावाचं गौरवचिन्ह दिलं, फुकटचं, नुसतं चित्र, तर पुढच्या ९० दिवसांत त्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. म्हणजे जो आधीच पुढे आहे त्याची पाठ थोपटली की तो अजून पुढे जातो.

मग मागचा माणूस पुढे का येत नाही? २००९ चा एक अभ्यास सांगतो की पुढे जाऊन भरपूर लिहिणारी माणसं पहिल्या दिवसापासूनच इतरांपेक्षा जास्त लिहीत असतात. मला यातून उलटा प्रश्न पडतो, पहिला दिवस एवढा महत्त्वाचा असेल तर त्या दिवशी त्या माणसाशी कोण कसं वागतं?

तर ऐका. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला किमान पाच संपादनं करणारी ५० हजारांच्या वर लोकं होती, २०१३ पर्यंत आकडा ३१ हजारांच्या आसपास आला. संशोधक आरन हाफेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कारण शोधलं, तर नवीन येणाऱ्यांचा दर्जा काही घसरला नव्हता. त्याआधी झालं असं होतं की गर्दी वाढली, तसे टवाळखोरही वाढले, मग त्यांना आवरायला नियम वाढले, बॉट आले, एका क्लिकमध्ये संपादन उलटवायची टूल्स आली, आणि त्या चाळणीत चांगल्या मनाने आलेला नवखाही टवाळखोरासोबत बाहेर फेकला जायला लागला. त्याने मेहनतीने परिच्छेद लिहायचा आणि काही मिनिटांत तो गायब, वर त्याच्या चर्चापानावर एक छापील इशारा. कोण परत येईल? नियम बदलून घ्यावेत म्हटलं तर तेही जुन्यांनी लिहिलेले, सहसा हलत नाहीत.

पण नियम म्हणजे वाईटच असं नाही हं. रेडिट या गप्पा-चर्चांच्या वेबसाइटवर विज्ञानाच्या गप्पांचा एक प्रचंड मोठा समूह आहे, लाखोंच्या कितीतरी पुढे सभासद. संशोधक नेथन मटियास यांनी २०१६ मध्ये तिथे प्रयोग केला, काही चर्चांच्या डोक्यावर नियमांची पाटी लावली, काहींना नाही. पाटी असलेल्या चर्चांत नियम पाळणारे नवखे शंभरामागे आठाहून जास्त वाढले, आणि मजा म्हणजे नवीन बोलणाऱ्यांची संख्या सरासरी ७० टक्क्यांनी वाढली! आपल्याला वाटतं पाटी बघून लोकं बिचकतील (पुण्यातल्या पाट्या वाचून वाढलेल्याला तर नक्कीच), पण इथे पाटीने उलट धीर दिला, की बाबा इथे काय चालतं आणि काय नाही हे आता मला कळलं. नियम एकच, दारात सांगितला तर आमंत्रण, चुकल्यावर सांगितला तर थोबाडीत.

तरी एक घोळ उरतोच, पाटीने न सुटणारा. मे २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड या शास्त्रज्ञ बाईंवरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला, संदर्भांवरून उल्लेखनीयता (लेख असावा एवढं महत्त्व) दिसत नाही म्हणून. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्यांच्याबरोबर त्याच कामासाठी नोबेल मिळालेले जेरार मूरू यांच्यावर लेख मात्र आधीपासून होता. नाकारणाऱ्याने नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. छापून आलेले स्वतंत्र संदर्भ हवेत हा नियम, आणि बाईंबद्दल तसं फारसं छापून आलं नव्हतं. आपल्याकडे गावच्या जत्रेवर किंवा एखाद्या शाहिरावर लिहायला बसा, सगळं गाव तोंडी सांगेल, पण तळटीप मागितली की सगळे एकमेकांकडे बघतील.