कॉलेजात चमकला, पण पुढे टिकेल का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी हा सात फूट चार इंच उंचीचा कॅनडियन सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधी असं जमलं होतं ते राल्फ सॅम्पसनला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तरीसुद्धा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, ईडीला कुणी लवकर उचलेल की नाही, यावर हमरीतुमरी चालली होती. सामन्यामागे २५ गुण आणि १२ रीबाउंड (नेम हुकून परत आलेले चेंडू पकडणं), आणखी काय हवं, असं एका बाजूचं म्हणणं. पाय जड आहेत, चेंडू खेळवणाऱ्या वेगवान गार्डने बास्केटपासून बाहेर खेचला की उघडा पडेल, असं दुसऱ्या बाजूचं. मेम्फिसच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात नवोदितांच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव आलं. वाद मिटला का? छे. तो पुढच्या मुलाकडे सरकला, एवढंच.

रणजीत धावांचा डोंगर उभा करणाऱ्याला कसोटीची टोपी का मिळत नाही, यावर अमोल मुजुमदारच्या काळात ज्यांनी चहाचे कप रिकामे केले, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. फरक असा, की अमेरिकेतला हा वाद खेळाडूंइतकाच नियमांनीही घडवला आहे. नियम बदलला की चाहत्यांचा प्रश्नच बदलतो.

सुरुवातीला प्रश्न अगदी साधा होता. एनबीए बाल्यावस्थेत होती, कॉलेजचे सामने जास्त गर्दी खेचत. म्हणून १९४९पासून १९६५पर्यंत एक गमतीदार सोय होती: संघाने पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडली, तर आपल्या टापूतला कॉलेजवीर त्याला थेट घेता येई. लोक आपल्या गावच्या पोराला बघायला तिकीट काढतील, हा सरळ व्यापारी हिशेब. सिनसिनाटीत शिकलेला ऑस्कर रॉबर्टसन १९६०मध्ये सिनसिनाटीच्याच संघात गेला. विल्ट चेंबरलेन कॉलेजात होता दूर कॅन्ससला, पण त्याची शाळा फिलाडेल्फियातली, म्हणून १९५९मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्यावर हक्क सांगितला. कॉलेजचा चाहता आणि प्रो, म्हणजे व्यावसायिक, संघाचा चाहता बऱ्याचदा एकच माणूस असे. पोरगा पुढे गेला तरी घरातच राही.

त्या काळी घाईलाही वाव नव्हता. शाळा संपल्यापासून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत खेळता येत नसे. ही भिंत पाडली स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीतल्या कापूस वेचणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा १९६८च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला, डेट्रॉइट विद्यापीठाकडून एक हंगाम खेळला आणि एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. तिथे पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग सिएटलच्या एनबीए संघाने त्याला करारबद्ध केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मार्च १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हेवूडच्या बाजूने कौल दिला. लीगने नाइलाजाने पळवाट काढली: घरची परिस्थिती बेताची असल्याचं दाखवणाऱ्याला लवकर येता येईल. पाच वर्षांनी ती अटही गेली.

चाहत्यांच्या दृष्टीने इथेच खरी कलाटणी बसली. 'हा किती मोठा होईल' या प्रश्नाला 'हा कधी जाईल' हा दुसरा प्रश्न चिकटला. आता कौतुकातच भीती आली. आपला पोरगा चांगला खेळला तर आनंद, फारच चांगला खेळला तर पुढच्या वर्षी गायब. त्यामुळे कॉलेजचा चाहता बोलता बोलता स्वतःच्याच खेळाडूत खोट काढू लागला: अजून एक वर्ष थांबायला हवं, डावा हात कच्चा आहे, वजन वाढवायला हवं. यातलं निम्मं विश्लेषण असतं आणि निम्मा स्वार्थ, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

अंदाज इतके का चुकतात, याचं एक कारण मैदानातच आहे. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. एनबीएत २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचं बंधन १९५४पासून आहे. कॉलेजात असं घड्याळ देशभर लागू झालं १९८५-८६च्या हंगामात, तेही ४५ सेकंदांचं. नंतर ते ३५वर आलं आणि २०१५पासून ३०वर. तीन गुणांची रेषा (तिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण) एनबीएत १९७९मध्ये आली, कॉलेजात १९८६मध्ये, आणि कॉलेजची रेषा आजही थोडी जवळ आहे. कॉलेजात उंच बचावपटू बास्केटखाली तंबू ठोकून उभा राहू शकतो. एनबीएत कुणाला अडवत नसताना तिथे तीन सेकंदांहून जास्त रेंगाळता येत नाही. म्हणजे नाव एकच, पण खेळ जवळपास दोन.

मायकल जॉर्डनचंच बघा. नॉर्थ कॅरोलायनात तीन वर्षांत त्याची सरासरी होती १७.७ गुण, एनबीएच्या पहिल्या हंगामात २८.२. संयमी, सर्वांना चेंडू खेळवणाऱ्या कॉलेज संघात त्याचा पूर्ण आवाका दिसलाच नव्हता. १९८४च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर त्याच्याऐवजी केंटकीचा सॅम बोवी घेतला, आणि ही चूक आजही प्रत्येक वादात पुराव्यासारखी टेबलावर आपटली जाते. मला हे जरा अन्यायाचं वाटतं. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, त्यांना हवा होता सेंटर. बोवीच्या नडगीच्या हाडाला तडा गेल्यामुळे कॉलेजातले त्याचे दोन हंगाम वाया गेले होते, तिकडे मात्र त्यांनी काणाडोळा केला. तरी तो एनबीएत दहा हंगाम खेळला. फुकट गेलेला माणूस नव्हे तो.

योगायोग बघा, २००७मध्ये पुन्हा पोर्टलंडच. पहिला क्रमांक हाती, समोर ओहायो स्टेटचा सेंटर ग्रेग ओडन आणि टेक्सासचा केविन ड्युरांट. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २००५च्या कराराने शाळेतून थेट एनबीएत येण्याचा केविन गार्नेट-लेब्रॉन जेम्सचा रस्ता बंद केला होता. वय १९ आणि शाळा सुटून एक वर्ष, अशी अट आली. त्यामुळे हे दोघेही एकाच वर्षापुरते कॉलेजात आले होते आणि साऱ्या देशाने त्यांना हिवाळाभर शेजारी शेजारी ठेवून तोललं. पोर्टलंडने ओडन घेतला. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याची कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली.

दुखापतीचं कुणाला सांगता येणार? पण आदल्या वर्षीची जोडी जास्त बोलकी आहे. गॉन्झागाचा अ‍ॅडम मॉरिसन आणि ड्यूकचा जे. जे. रेडिक गुणांच्या शर्यतीत हंगामभर एकमेकांच्या मागे होते: सामन्यामागे २८.१ आणि २६.८. मॉरिसन तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि चार वर्षांत एनबीएबाहेर पडला. रेडिक अकरावा. नुसता नेमबाज, बचावात कच्चा, असं त्याच्याबद्दल सर्रास बोललं जाई. तो पंधरा हंगाम टिकला. एनबीएचा खेळ हळूहळू तीन गुणांच्या रेषेबाहेर सरकत गेला आणि त्याच्या एकुलत्या हुकमी अस्त्राचा भाव वाढत गेला, हे कुणाच्या गणितात नव्हतं.

महिलांच्या खेळात हा वाद वेगळ्या वळणाने गेला, कारण तिथे पैशाचं पारडं उलटं होतं. आयोवाची केटलिन क्लार्क ३,९५१ गुण करून २०२४मध्ये बाहेर पडली. वाटेत तिने पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधला पीट मॅराविचचा ३,६६७चा विक्रम मागे टाकला. मॅराविचने ते गुण तीनच हंगामांत आणि तीन गुणांची रेषा नसताना केले होते, हे जुने लोक लगेच बजावतात, आणि ते खरंही आहे. पण प्रो लीगमधला तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता अवघा ७६,५३५ डॉलर. कॉलेजात असतानाच जाहिरातींतून ती त्याहून कितीतरी जास्त कमावत होती.

हे शक्य झालं जुलै २०२१पासून. कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायला त्या महिन्यात मोकळीक मिळाली. त्याच वर्षी, वर्षभर बाहेर न बसता एकदा कॉलेज बदलण्याची मुभाही मिळाली. २०२५मध्ये तर विद्यापीठांनीच खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. परिणाम ड्राफ्टच्या यादीत दिसला. २०२१मध्ये मुदतीआधी, म्हणजे कॉलेजात खेळण्याची वर्षं शिल्लक असतानाच, नाव देणारे ३५३ होते. कोविडमुळे कॉलेजात खेळायला मिळालेल्या जादा वर्षाने तो आकडा फुगला होता, हे खरं. पण २०२५मध्ये ते १०६वर आले. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत कुठेतरी नाव लागून बाकावर बसण्यापेक्षा कॉलेजातलं चौथं वर्ष जास्त फायद्याचं ठरू लागलं.

त्यामुळे 'अजून एक वर्ष थांब रे' असं पन्नास वर्षं विनवणाऱ्या चाहत्याची आता वेगळीच पंचाईत झाली आहे. पोरगा थांबतो. पण एप्रिल उजाडला की प्रश्न पडतो, आपल्याकडेच थांबणार, की दोन राज्यं पलीकडचं कॉलेज जास्त देऊन नेणार?