दिनविशेष (नाशिकच्या नोंदींसह)

दिनविशेष : एकाच तारखेला, पण निरनिराळ्या वर्षी घडलेल्या घटनांची एकत्र केलेली नोंद. घटना, जन्म आणि मृत्यू असे तिचे साधारण तीन भाग असतात. महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाच्या वेळी राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार यांच्या जोडीने एखादा विद्यार्थी दिनविशेष वाचतो. वर्तमानपत्रे, आकाशवाणी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिका यांनीही हा प्रकार घरोघरी नेला. जुन्या मराठी शकावल्यांत वर्ष आधी येते आणि त्या वर्षातल्या घटना ओळीने येतात, त्यामुळे एका घटनेतून दुसरी कशी निघाली हे वाचणाऱ्याला दिसते. दिनविशेषात दिवस कायम राहतो आणि वर्षे बदलतात. शेजारी आलेल्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. म्हणून अशी यादी वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की या दोन गोष्टी एका तारखेला आल्या कशा?

या प्रश्नाची उत्तरे तीनच असू शकतात. एक, निव्वळ योगायोग. दोन, कोणीतरी ती तारीख मुद्दाम निवडली. तीन, दोन्ही घटना ऋतू, चंद्र किंवा ग्रह यांच्या एकाच चक्राला बांधलेल्या होत्या. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात या तिन्हींची ठळक उदाहरणे सापडतात, शिवाय तारीख आणि तिथी यांतली जुनी ओढाताणही इथे स्पष्ट दिसते.

दगडावरची तारीख

नाशिकला दिवस नोंदवण्याची परंपरा फार जुनी आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. गोवर्धनच्या विष्णुपालित या अमात्याला उद्देशून दिलेली ती आज्ञा आहे. पूर्वी उषवदाताकडे (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाकडे) असलेले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना द्यावे, असे तीत म्हटले आहे. लेखाच्या शेवटी काळ दिला आहे : राज्यवर्ष १८, वर्षा ऋतूचा दुसरा पक्ष, पहिला दिवस. त्याच लेण्यात गौतमीपुत्राची आई, राजमाता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातल्या तेराव्या दिवशीचा आहे. वर्षाचे ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे तीन ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, अशी ती मोजणी होती. उषवदाताच्या दहाव्या लेण्यातल्या लेखात मात्र वर्ष ४२ आणि वैशाख महिना आला आहे, म्हणजे एकाच डोंगरावर काळ मोजण्याच्या दोन पद्धती कोरलेल्या आहेत.

हे लेख दिवसापर्यंत नेमके असूनही आजच्या दिनविशेषात बसत नाहीत. राज्यवर्ष इसवी सनात नेमके कुठे बसवायचे याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि वर्ष ठरल्याशिवाय ऋतूच्या पक्षाची तारीख काढता येत नाही. नाशिकच्या इतिहासातले हे जुने नोंदलेले दिवस असे यादीबाहेरच राहिले आहेत. नाशिकच्या दिनविशेषाची सुरुवात मात्र याच दोन लेखांपासून व्हायला हवी, मग समोरचा तारखेचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

तिथी आणि तारीख

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे तिथी दर वर्षी तारखेच्या मागे सरकते, आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी घेते. रामनवमी, तुकाराम बीज, ज्ञानेश्वरांची समाधी यांचे स्मरण तिथीने होते. अलीकडच्या माणसांच्या जयंत्या आणि स्मृतिदिन तारखेने होतात. ‘पुण्यतिथी’ हा शब्द मात्र तारीख पाळतानाही आपण तसाच वापरतो.

नाशिकमध्ये ही ओढाताण काळाराम मंदिराच्या रथयात्रेत पाहायला मिळते. राम आणि गरुड यांचे रथ रामनवमीला निघत नाहीत. ते दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला निघतात. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० रोजी, रविवारी. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. त्यातला सर्वांत कठीण दिवस रथयात्रेचा होता, ९ एप्रिल १९३०. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले होते. प्रत्यक्षात सत्याग्रहींना दोराला हात लावू दिला गेला नाही आणि दगडफेक झाली. आज रथ दर वर्षी वेगळ्या तारखेला निघतो, आणि त्या दिवसाची इतिहासातली नोंद मात्र ९ एप्रिललाच राहते. तिथी आणि तारीख साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळ येतात. १९३० नंतर १९ च्या पाच फेऱ्या पूर्ण झाल्यावर, २०२५ मध्ये, कामदा एकादशी ८ एप्रिलला आली, म्हणजे दोन्ही स्मरणांत एकाच दिवसाचे अंतर राहिले.

२ मार्चच्या नेहमीच्या याद्यांत सरोजिनी नायडूंचा मृत्यू (१९४९), मोरोक्कोचे स्वातंत्र्य (१९५६), काँकॉर्ड विमानाचे पहिले उड्डाण (१९६९) या नोंदी असतात. काळारामचा सत्याग्रह पुष्कळ वेळा नसतो. दांडीयात्रा त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला निघाली, आणि ती मात्र प्रत्येक यादीत असते. देशात मिठासाठी पदयात्रा चालली असताना नाशिकमध्ये माणसे देवळाच्या बंद दारासमोर बसली होती. या दोन नोंदी शेजारी वाचल्याशिवाय १९३० चा मार्च महिना पुरता समजत नाही.

या चळवळीतली पुढची तारीखही नाशिक जिल्ह्यातलीच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ही घोषणा प्रत्यक्षात आली ती नागपूरला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधे २१ वर्षे आणि एक दिवस गेला. नागपूरचा तो दिवस विजयादशमीचा होता आणि तो विचारपूर्वक निवडलेला होता. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या तिथीला मोठी गर्दी लोटते, तर येवल्याच्या मुक्तिभूमीवर लोक १३ ऑक्टोबरला, तारखेने जमतात. एकाच निर्धाराची दोन टोके दोन निरनिराळ्या कालगणनांत पाळली जातात.

दोन सौर कालगणनांचा गोंधळही लक्षात ठेवावा लागतो. ग्रेगोरियन पंचांग इंग्लंडने १७५२ मध्ये स्वीकारले, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख फाल्गुन वद्य ३, शके १५५१ या तिथीवरून काढलेली आहे आणि ती जुन्या, ज्यूलियन पंचांगातली आहे. नव्या पंचांगाने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ या तारखेचेही तसेच. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले असे सर्रास सांगितले जाते. पण इंग्लंडची तारीख जुन्या आणि स्पेनची नव्या पंचांगातली होती, त्यामुळे या दोन तारखांत प्रत्यक्षात दहा दिवसांचे अंतर आहे.

योगायोग

वर्षाला जास्तीत जास्त ३६६ तारखा आणि इतिहासातल्या नोंदी हजारो, म्हणून एका तारखेला अनेक घटना येणारच. २३ माणसे एकत्र आली तरी त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्यामुळे योगायोगाचे नवल वाटले तरी त्यात अर्थ शोधू नये. तरीही काही योग मनात घर करून राहतात.

१८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला तात्या टोपे यांना फाशी दिली गेली. त्यांचा जन्म येवल्याचा. त्याच तारखेला १८९८ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात दामोदर चाफेकर फाशी गेले. आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली. ५१ वर्षांत, एप्रिलच्या लागोपाठच्या दोन तारखांना, तीन फाशीच्या नोंदी. १९ एप्रिललाच १९७५ मध्ये ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला.

कान्हेरे यांची तारीख नाशिकला २१ डिसेंबरपासून सांगावी लागते. १९०९ च्या त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि नाटकाला ते पाहुणे म्हणून आले होते. संस्कृत जाणणारे आणि ‘पंडित’ म्हणवले जाणारे हे अधिकारी बाबाराव सावरकरांवरच्या खटल्यामुळे क्रांतिकारकांच्या रोषाचे धनी झाले होते. बाबारावांना त्याच वर्षी जूनमध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. कान्हेरे यांनी नाट्यगृहातच जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. शहरातल्या गोल्फ क्लब मैदानाचे नाव आज ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ आहे. जगाच्या यादीत २१ डिसेंबरला अपोलो ८ चे उड्डाण (१९६८) आणि लॉकरबीवरचा विमानस्फोट (१९८८) असतो. नाशिकच्या शाळेत वाचल्या जाणाऱ्या यादीत या तारखेची पहिली ओळ विजयानंदचीच असली पाहिजे.

दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. याच तारखेला १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराज जन्मले. एकाने चित्रातून आणि दुसऱ्याने खंजिरीच्या साथीने भजनातून सामान्य माणसापर्यंत वाट काढली, एवढे साम्य आपण शोधू शकतो, पण तारखेचा त्यात काही वाटा नाही. फाळके यांचा मृत्यू १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच झाला.

१० मार्च हा सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन (१८९७) आणि कुसुमाग्रजांचाही (१९९९).

निवडलेल्या तारखा

काही तारखा माणसे ठरवून एकमेकींवर ठेवतात. २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली, म्हणून राज्यघटना लागू करण्यासाठी १९५० ची २६ जानेवारी निवडली. १५ ऑगस्टच्या निवडीमागे जपानच्या १९४५ च्या शरणागतीचा दिवस माउंटबॅटन यांच्या मनात होता.

नाशिकशी जोडलेली अशी तारीख म्हणजे २७ फेब्रुवारी. विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, यांचा जन्म १९१२ मध्ये या दिवशी पुण्याला झाला, पण त्यांचे लेखन आणि अखेरपर्यंतचे वास्तव्य यांमुळे ते नाशिकचे ‘तात्यासाहेब’ झाले. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन पाळला जातो. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि मराठी राजभाषा दिन. या दोन दिवसांची सरमिसळ दर वर्षी होते, आणि दिनविशेष लिहिणाऱ्याने ती टाळायलाच हवी. याच २७ फेब्रुवारीला १९३१ मध्ये अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद यांना वीरमरण आले, आणि १९३३ मध्ये बर्लिनचे राइशस्टाग, म्हणजे जर्मनीचे संसदभवन, जळाले. भाषेचा सोहळा आणि आझादांचे स्मरण एकाच सकाळी येते, तेव्हा परिपाठात दोन्ही नावे घेणे सहज शक्य असते. २६ फेब्रुवारी हा विनायक दामोदर सावरकरांचा स्मृतिदिन (१९६६). त्यांचा जन्म नाशिकजवळच्या भगूरचा, २८ मे १८८३ चा.

आकाशाने ठरवलेले दिवस

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तारखा कोणाच्या आवडीवर नसतात. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. गुरूची प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची, म्हणून साधारण दर बारा वर्षांनी : २००३, २०१५, आणि आता २०२७. स्नानाच्या पर्वण्या तिथीने ठरतात, त्यामुळे दोन सिंहस्थांच्या पर्वण्या एकाच तारखेला येतीलच असे नाही.

२७ ऑगस्ट २००३ ला श्रावण अमावास्येची पर्वणी होती. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मरण पावले. त्याच दिवशी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, आणि इतका जवळ तो गेल्या सुमारे ६०,००० वर्षांत आला नव्हता. जगभरच्या याद्यांत त्या तारखेला मंगळाची नोंद आहे, नाशिककरांच्या मनात ३९ माणसांची. दोन्ही घटना एकाच वर्षाच्या, एकाच दिवसाच्या, तरी त्यांच्यात नाते जोडू नये. अमावास्येमुळे लोक नदीवर आले हे खरे, पण माणसे मेली ती मंगळामुळे नव्हे, अरुंद वाटेवर मावेनाशा झालेल्या गर्दीमुळे. पुढच्या सिंहस्थाच्या नियोजनात २७ ऑगस्टची ही नोंद समोर ठेवावी लागते, मग पर्वणीची तारीख कोणतीही असो.